आखूड केलेला शेला

शेला एकट्याला बांधता येत नाही. एकानं टोक धरून मागं रेलायचं, जीव खाऊन ओढायचं, आणि बांधणाऱ्यानं दुसरं टोक पोटाशी दाबून गिरक्या घेत घेत त्याच्याकडं यायचं. कंबरेला गुंडाळायचं काळं, जाड, सुती कापड. अलोमा सात वर्षांची होती तेव्हापासून तिचं टोक आईनंच धरलं. तेव्हा ती भोवऱ्यासारखी फिरत सुटायची आणि कापड संपायचंच नाही. आई ओरडायची, "अगं बास, चक्कर येऊन पडशील!"

यंदा कापड लवकर संपलं.

आईनं टोक आत खोचलं, पाठीवर एक चापट मारली आणि म्हणाली, "चल, पळ." पण अलोमाला कळायचं ते कळलं. शेला तोच होता. आतलं वाढलं होतं.

सातव्या वर्षी ती मनोरे रचणाऱ्या पथकाची शेंडा होती. शेंडा म्हणजे सगळ्यात वरचं पोर. माणसांवर माणसं उभी राहतात, त्यांच्या पाठीवरून माकडासारखं सरसर चढायचं, टोकाला पोचलं की एक हात आभाळाकडं करायचा. हात वर झाला की मनोरा पुरा, आणि खाली अख्खा चौक वेडा. नंतर तिला ओणवी केलं, म्हणजे शेंड्याच्या खाली पाठ वाकवून बसणारी. मग जोडीत घातलं. जोडीत दोघी समोरासमोर, एकमेकींचे खांदे धरून उभ्या, वर ओणवी, त्यावर शेंडा. दर वेळी लोक म्हणायचे, वा, बढती मिळाली. कसली बढती? दर वेळी एक थर खाली. जोडीच्या खाली तिघातिघांचे थर, तिथं दांडगी माणसं लागतात. आणि सगळ्यात खाली पाया, चौकात छातीला पाठ लावून दाटलेली शंभर-दोनशे माणसं, ज्यांना वरचं काही म्हणजे काही दिसत नाही. आई पायात होती. कायम पायात होती. आईच्या बेकरीतल्या गिऱ्हाईक बायका अलोमाला वरपासून खालपर्यंत बघून म्हणायच्या, "रोझेर, पोरगी अगदी तुझ्या वळणावर गेली गं!" आणि आई खूश व्हायची. खूश!

शाळेत खेळाच्या तासाला अलोमाचं पोट दुखायचं. दर आठवड्याला दुखायचं. आखूड चड्डीत पळायचं आणि भिंतीवर बसलेली पोरं बघणार, त्यापेक्षा पोट दुखलेलं बरं. पथकात तसं नव्हतं. इथं पांढरी पँट, शर्ट, शेला, डोक्याला रुमाल, सगळे सारखे, आणि अंग म्हणजे बघायची वस्तू नव्हती, कामाची वस्तू होती. खांदा आहे ना? मग दे इकडं. निदान आजवर असंच होतं. तेरावं वर्ष लागलं आणि इथंही आरसा आला.

सुरुवात ब्लायनं केली. ब्लाय सोळा वर्षांचा, जोडीच्या खालच्या थरात असायचा. अलोमा त्याच्या खांद्यांवर उभी राहायची. सराव व्हायचा एका जुन्या दारूच्या कोठारात, भिंतींना अजून द्राक्षांचा आंबूस वास. एका शुक्रवारी खाली उतरल्यावर ब्लाय मान चोळत सगळ्यांसमोर म्हणाला, "अलोमा, खिशात दगड भरून आलीस का गं?"

"आपल्या पँटीला खिसे नसतात, गाढवा."

"मग कुठं लपवलेस?"

सगळे हसले. तिच्या जोडीतली तेक्ला पण फिसकन हसली. अलोमानं ब्लायच्या पोटरीवर लाथ घातली, तरी तो हसतच राहिला. वाईट बुद्धीनं बोलला नव्हता तो. तेच तर अवघड होतं. वाईट बुद्धी असती तर भांडता आलं असतं.

आणि तेक्ला! सराव संपला की टोमॅटो चोळलेल्या पावात सॉसेज घालून असे दोन हाणायची, आणि अंगाला काही लागेल तर शपथ. काडीच्या काडी. वर तोंड भरलेलं असताना म्हणायची, "मी कितीही खाल्लं ना, तरी अशीच बघ." अशा वेळी अलोमाला वाटायचं, हिच्या एक कानफटात द्यावी आणि मग सांगावं, अशीच बघ.

मार्सालकाका मात्र वजनाचं कधी बोलले नाहीत. ते पथकाचे म्होरके. कमी बोलायचे, मिशीचं टोक चावत उभे राहायचे आणि गुडघे बघायचे. माणूस खोटं बोलेल, गुडघा खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. जूनमध्ये एके दिवशी ते म्हणाले, "ब्लाय, तू तिथून निघ. तुझ्या जागी आर्नाऊ." आर्नाऊ म्हणजे बैलासारखा गडी. ब्लायचं तोंड उतरलं. जाता जाता त्यानं अलोमाकडं असं बघितलं की बोलायची गरजच उरली नाही.

अलोमानं मनात हिशेब केला. ब्लाय गेला माझ्या ओझ्यानं. आता पुढचा नंबर माझा. गावजत्रा सप्टेंबरात, चौकात यंदा पथक आजवरचा सगळ्यात उंच मनोरा लावणार, आणि त्यात मी वर नसणार.

तिला दुसरं काही नको होतं. त्या दिवशी वर असायचं होतं, एवढंच.

मग घरात खोटं बोलणं सुरू झालं. आईला म्हणायचं तेक्लाकडं जेवले, तेक्लाला म्हणायचं घरी जेवले. दुपारी खोलीचं दार लावून पूर्ण पोशाख घालायचा आणि आरशासमोर एका अंगानं उभं राहायचं. पोटावर शेल्याचा तो जाड काळा वेढा. सगळा फुगवटा तिथंच दिसायचा, पिंपाला पट्टी मारल्यासारखा. अंग काही ऐकत नव्हतं. उपाशी ठेवलं तरी छाती येतच होती, कंबर पसरतच होती, जणू काही ते अंग तिचं नाहीच, दुसऱ्या कुणीतरी ऑर्डर देऊन ठेवलंय आणि रोज थोडं थोडं पोचवतायत. अंगाला कात्री लावता येत नाही. तिनं शेल्याला लावली. चांगला तीन-चार हात तुकडा कापला, गादीखाली सारला आणि उरलेला बांधून पाहिला.

बरं दिसलं. खरंच बरं दिसलं.

आईला सांगितलं, "आता टोक तेक्ला धरेल. मी काय लहान आहे का?"

आई पीठ झाडत होती. हात थांबले. "बरं बाई," म्हणाली, आणि परत झाडायला लागली.

आता शेला म्हणजे काय, हे पथकातलं शेंबडं पोरही सांगेल. तो कंबरेला आधार असतो, ते आहेच, पण मुख्य म्हणजे ती पायरी असते. वर चढणारं पोर आधी तुझ्या पोटरीवर पाय देतं, मग शेल्याच्या वेढ्यात अंगठा रुतवतं, आणि मग खांदा. मधली पायरी हलली की पोर लटकलं. हे अलोमाला माहीत नव्हतं का? तिनं स्वतः शंभर पाठी चढल्या होत्या. पण आरशासमोर उभं राहिलं की तिला पायरी दिसायचीच नाही, पोटच दिसायचं.

जत्रेच्या आदल्या आठवड्यातला सराव. पायातल्या माणसांच्या डोक्यांवर जाळी ताणलेली, नेहमीप्रमाणं. खालचे थर लागले. अलोमा आर्नाऊच्या खांद्यांवर चढली, समोर तेक्ला, दोघींनी एकमेकींचे दंड धरले. शर्टाची कॉलर दातात धरायची असते, नाहीतर चढणाऱ्याच्या पायानं शर्ट ओढला जातो. तिनं धरली. ओणवी चढून गेली तेक्लाच्या बाजूनं. मग अलोमाच्या बाजूनं बेरता आली, यंदाची शेंडा, सात वर्षांची, हेल्मेटमध्ये नुसते डोळे आणि नाक.

पोटरीवर बेरताचा पाय आला. ठीक. कंबरेत अंगठा रुतला.

आणि शेला हलला.

एकदम नाही. हळूहळू, साप कात टाकतो तसा. एक वेढा दुसऱ्यावरून घसरला. अलोमाचे दोन्ही हात तेक्लाच्या दंडावर होते, ते सोडले तर दोघी गेल्या. तोंडात कॉलर. ओरडायला तोंड उघडलं तर शर्ट जाणार. पाठीवर एक सात वर्षांचा जीव, आणि कंबरेवरचं कापड सुटत चाललंय, हे तिला एकटीला कळत होतं आणि ती फक्त उभी होती. तेक्लाला तिचे डोळे दिसले. तेक्ला कॉलरमधूनच म्हणाली, "क्काय?"

बेरताचा पाय निसटला. ती शेल्याला धरून लोंबली, आणि शेला सगळाच उलगडत गेला.

वरचे सगळे कोसळले. जाळी होती म्हणून बरं. तेक्लाचा ओठ फुटला. बेरताला काही लागलं नाही, पण ती ओरडत नव्हती, रडतही नव्हती, हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती आणि आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

मार्सालकाकांनी जमिनीवरचा शेला उचलला. बोटांतून सरकवत सरकवत शेवटाला आले. टोकाला काठ नव्हता, नुसते दोरे.

"कात्री कुणी लावली?"

तेक्ला ओठावर रुमाल दाबून म्हणाली, "उंदीर असतील, काका. कोठारात फार झालेत."

"उंदराला एवढं सरळ कापता येत नाही, तेक्ला." ते अलोमाकडं वळले. "का गं?"

ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत, म्हणून तीच ओरडली. "तुम्ही ब्लायला काढलंत! माझ्यामुळं काढलंत! मला काय कळत नाही?"

"तुझ्यामुळंच काढला."

"बघा!"

"काय बघा? तुला वर ठेवायचं म्हणून काढला. पोरी, तू वाढतेस, ते मला दिसत नाही? गावाला दिसतंय. म्हणून खाली बैल आणून उभा केला ना. ही जत्रा निभली असती."

ते गेले. अलोमा तिथंच उभी. निभली असती. म्हणजे निभत होतं. काहीच न करता, नुसतं जेवून-खाऊन, गप्प राहून निभत होतं.

पायात असल्यामुळं आईनं पडताना पाहिलं नव्हतं, पण नंतर सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी अलोमा उठली तर गादीखालचा तुकडा नव्हता. शेला खुर्चीवर घडी करून ठेवलेला, तुकडा परत जोडलेला, दुहेरी शिवण, काळा दोरा. शिवणीपाशी बोटाएवढा जाड उंचवटा आला होता. आई कामाला गेली होती.

अलोमा शेला घेऊन थेट चौकात गेली. बेरता कारंज्याच्या कठड्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती, सालं पायाशी.

"बेरता, हे बघ. परत पूर्ण झालाय. आईनं शिवलाय, ओढून बघ, बैलानं ओढला तरी सुटणार नाही."

बेरतानं ओढून पाहिला. "हो, घट्ट आहे."

"मग चल, चढून बघ. इथंच, खाली. मी उभी राहते."

अलोमानं आपला आपणच, झाडाला टोक बांधून शेला गुंडाळला. झाड काही रेलत नाही, पण तिनं जमेल तेवढा आवळला, श्वास घेता येईना इतका. बेरता मागं आली. पोटरीवर पाय ठेवला. मग पाय शेल्याशी आला. थांबला. खाली गेला. परत वर आला, परत थांबला.

"अलोमाताई, तो पायच येत नाही गं."

"अगं पण तुला दिसतंय ना घट्ट आहे?"

"मला दिसतंय. पायाला दिसत नाही." आणि आता मात्र बेरताला रडू फुटलं. "मी त्याला सांगतेय, तो ऐकतच नाही. तू चिडू नको ना."

अलोमा काय चिडणार. ऐकत नसलेल्या अंगाबद्दल तिला कुणी नवीन काही सांगायची गरज नव्हती. तिनं बेरताचं नाक आपल्या बाहीनं पुसलं आणि शेला सोडला.

पथकात एक नियम कुणी मोडत नाही. पोरावर जबरदस्ती करायची नाही; ज्या पाठीवर पोराचा पाय येत नाही, ती पाठ बदलायची. जत्रेच्या दिवशी चौकात, ऊन भिंतीवरून खाली यायच्या आत, मार्सालकाकांनी नावं पुकारली. आर्नाऊचं आलं. मग "जोडीत तेक्ला आणि..." इथं त्यांनी मिशी चावली. "आणि जिनेस्ता."

जिनेस्ता अकराची, चिमणीएवढी. ती टुणकन उडाली आणि लगेच अलोमाकडं बघून उडायची थांबली. त्यापेक्षा उडत राहिली असती तर परवडलं असतं.

"अलोमा, पायात. आईच्या पुढं, तिसऱ्या रांगेत."

ब्लाय आधीच तिथं होता, दुसऱ्या रांगेत. मान वळवून म्हणाला, "ये. इथं खिसे तपासत नाहीत." तिनं त्याला लाथ मारली नाही. जागाच नव्हती लाथ मारायला.

शेल्याचं टोक या वेळी आईनं धरलं. न विचारता. अलोमा फिरत गेली, आई रेलून ओढत राहिली, आणि शेवटी तो शिवणीचा उंचवटा बरोबर पोटावर आला. आईनं त्यावर अंगठा दाबून तो सपाट करायचा प्रयत्न केला. होत नव्हता. "राहू दे," अलोमा म्हणाली.

पायात उभं राहायचं म्हणजे हात पुढच्याच्या खांद्यांमागं टेकवून, हनुवटी छातीला, पुढच्याच्या पाठीला आपली छाती. वर बघायचं नाही, काही झालं तरी नाही, पडणारं माणूस मानेवर येतं. अलोमाच्या तळहातांवर पुढच्याच्या पाठीचा घाम, मागून आईचा भार, आईचा श्वास कानाशी, पिठाचा वास. खाली बघायला होतं ते एवढंच: कुणाच्या तरी चपलेचा सुटलेला बंद आणि चिरडलेलं एक अंजीर.

सनया सुरू झाल्या, म्हणजे मधले थर लागले. कान असला की मनोरा ऐकूही येतो. आता जोडी चढली असेल. आता ओणवी. डोक्यावरून कुणाचे तरी पाय गेले होते, त्यातला एक चिमुकला, अनवाणी, तिच्या खांद्यावरून गेला होता. तो बेरताचा. तिला पाय ओळखू आला. पायाला खांदा ओळखू आला नाही. ओळखला असता तर थांबला असता.

मग सनयांचा सूर वर गेला आणि चौकात एकच आरोळी उठली. हात वर झाला. हा तो क्षण, जो अलोमानं सात वर्षांची असताना वरून पाहिला होता, छपरं, घंटाघर, खाली सगळी तोंडं उघडी. आता तिच्यासमोर अंजीर होतं.

आणि मग थरथर आली.

वरून खाली, माणसांमाणसांतून झिरपत, तिच्या तळहातात आली. डावीकडची. जोडीतून. डावा गुडघा जिनेस्ताचा. तिनं ढुंगण मागं काढलं असणार, सगळे नवे काढतात. कंबर आत घे, कॉलर चाव, तेक्लाच्या डोळ्यांत बघ, खाली बघू नको! अलोमाला सगळं येत होतं. सांगणार कुणाला? तोंड ब्लायच्या पाठीत दाबलेलं, आवाज सनयांत बुडालेला. मार्सालकाका बाहेरून ओरडत होते, "दाबा! पाया, दाबा!" आई मागून दाबत होती. अलोमा दाबत होती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. थरथर कमी होईना, वाढेनाही. किती वेळ, कोण जाणे. तिला एकदा वाटलं, पडू दे. पडला तर सगळ्यांना कळेल मी तिथं हवी होते. आणि ते वाटलं त्याच क्षणी तिनं इतक्या जोरात दाबलं की ब्लाय कळवळला, "अगं ए, बरगडी माझी!"

नाही पडला. थर एकेक करून उतरले. उतरताना बेरता घसरत घसरत पायातल्या माणसांवर आली, पाय चाचपडत, आणि तिचा पाय अलोमाच्या खांद्यावर टेकला. या वेळी नीट टेकला. वरून तिचा आवाज आला, कुणालातरी सांगत होती, "इथून येते मी, इथं मस्त जाड आहे!"

आणि उडी मारून गेली. कुणावर पाय दिला ते तिला कळलंच नाही.

मग रडारड, मिठ्या, एकमेकांची डोकी चोळणं. जिनेस्ताला लोकांनी उचलून घेतलं. तेक्ला फुटक्या ओठानं हसत होती. मार्सालकाका अलोमापाशी आले, तिच्या खांद्यावर थाप मारली, कौतुकानंच. "चांगली रोवून उभी राहिलीस. पुढच्या वर्षी तुला पहिल्या रांगेत घेतो. तिथं अशीच माणसं लागतात."

अशीच माणसं. त्यांना वाटलं, आपण पोरीला काहीतरी दिलं.

आईनं कुठून तरी पाव आणला, टोमॅटो चोळलेला, वर तेल, आत सॉसेज. हातात कोंबला. "खा. सगळ्यांनी खाल्लं." आई तिच्याकडं बघत नव्हती, पावाकडं बघत होती. आजूबाजूला सगळे खात होते, तेक्ला दुसऱ्यावर होती. अलोमानं घास तोडला. तोंडात घेतला. चावला पण. पोटावर शिवणीचा उंचवटा रुतत होता, आणि आई आता पावाकडून तिच्या तोंडाकडं बघायला लागली होती.

घास तसाच गालात राहिला. गिळवेना, आणि आईसमोर थुंकवेना.